पेढीचा वरचा मजला

दुकानदाराविषयी आपल्याकडील सुशिक्षितांच्या मनात एक चमत्कारिक अढी असते. आयुष्यभर आपण त्याच्याकडून वस्तू घेतो, महिनाअखेरीस त्याच्या उधारीवर वेळ निभावून नेतो. पण चरित्र वाचावयास बसलो की आपणास सेनापती हवा असतो, कवी हवा असतो, निदान एखादा मुत्सद्दी तरी हवाच असतो. दुकानदाराचे चरित्र कोण वाचणार? माझे मत निराळे आहे. माणसाची जी पारख दुकानाच्या उंबरठ्यावर होते, ती दरबारात क्वचितच होते. आणि एखादा दुकानदारच जेव्हा दरबारात जाऊन बसतो, तेव्हा तर दोन्हीकडच्या रीती शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी मिळते. अमेरिकेतील बोस्टन शहरच्या एका मोटारींच्या पेढीचा इतिहास मला याच कारणासाठी विलक्षण वाटत आला आहे.

या पेढीचा मालक आल्व्हन टफ्ट्स फुलर. त्याचा जन्म १८७८ सालचा. बोस्टनजवळच्या माल्डन गावी तो लहानाचा मोठा झाला, तेथल्याच रबरी जोड्यांच्या कारखान्यात नोकरीस लागला, आणि फावल्या वेळात घरीच सायकली विकू लागला. स्वतः तो शर्यतींत भाग घेणारा पटाईत सायकलस्वार होता. शर्यतींत मिळालेली बक्षिसे विकून त्याने १८९९ साली युरोपचा प्रवास केला, अशी हकीकत सांगतात. परत येताना त्याने 'द दियों-बूतों' या फ्रेंच कंपनीच्या दोन मोटारी बोटीवर चढविल्या. ज्या गावात घोड्याच्या टापांखेरीज रस्त्यावर दुसरा आवाज फारसा नव्हता, तेथे या दोन फटफटणाऱ्या पेट्या उतरवून घेताना पाहणाऱ्यांनी तोंडात बोट घातले असेल, यात शंका नाही.

त्याच १८९९ साली ओहायो प्रांतातील वॉरन गावी 'पॅकार्ड' नावाची मोटार प्रथम तयार झाली. पुढे १९०३ साली तिचा कारखाना डेट्रॉइटला गेला, आणि ती श्रीमंतांची आवडती गाडी होऊन बसली. बोस्टनमधली तिची एजन्सी फुलरने विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत मिळविली. त्या काळी एजन्सी घेणे म्हणजे कमिशन मोजीत गादीवर लोळणे नव्हे. कारखानदार गाडीमागे रोख पैसा मागे. गाडी खपली नाही तर ती एजंटाच्या गळ्यात. गिऱ्हाईक येई ते घोडागाडीत बसून! त्याला गाडीचे गुण सांगावयाचे, ती हाकावयास शिकवावयाची, आणि वाटेत बंद पडली तर माणूस पाठवावयाचा. थोडक्यात, कारखान्याने केलेल्या वस्तूवर आपले नाव पणाला लावावयाचे.

पॅकार्ड कंपनीची जाहिरात या दृष्टीने मोठी मार्मिक होती. 'ही गाडी ज्याच्याजवळ आहे त्यालाच विचारा,' एवढेच ती सांगे. कारखानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, विकणाऱ्याच्याही ठेवू नका. ज्याने वस्तू वापरली, तिचे बरेवाईट भोगले, त्याची साक्ष घ्या! व्यापारातील प्रामाणिकपणाची याहून थोडक्यात व्याख्या मला तरी ठाऊक नाही.

१९१० च्या सुमारास फुलरने कॉमनवेल्थ ॲव्हेन्यू या रुंद रस्त्यावर आपल्या पेढीसाठी नवी इमारत बांधविली. तिचा शिल्पकार आल्बर्ट कान. डेट्रॉइटला पॅकार्डचाच एक कारखाना याने १९०५ साली लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये उभारला होता. या पद्धतीने जाड भिंतींची गरज उरली नाही, मजल्यांना मोटारींचे ओझे पेलू लागले, आणि दर्शनी बाजूस हव्या तेवढ्या मोठ्या काचा बसविता येऊ लागल्या. जवळच्या चौकास आजही 'पॅकार्ड्स कॉर्नर' म्हणतात, आणि तेथे ट्रामचे याच नावाचे ठाणे आहे. ते नाव मोटारीवरून पडले, असे कोणासही वाटेल. परंतु मौज अशी की, मोटारी येण्यापूर्वीच त्या कोपऱ्यावर पॅकार्ड आडनावाच्या एका गृहस्थाचा घोड्यांचा तबेला होता! काळाने घोडे नेले, मोटारी आणल्या, आणि पाटी मात्र तीच ठेवली.

फुलरच्या मागोमाग इतर मोटारविक्रेतेही त्या रस्त्यावर आले, आणि तो सगळा पट्टाच मोटारींचा बाजार होऊन गेला. वॉशिंग्टनच्या जयंतीस, म्हणजे २२ फेब्रुवारीस, पेढीची दारे सर्वांसाठी उघडी ठेवून नव्या गाड्या मांडण्याची जी प्रथा तेथे पडली, तिचे श्रेय फुलरलाच देतात. त्यात हिशेब होता. उघड्या टपाच्या त्या गाड्या बर्फाच्या दिवसांत कोण घेणार? पण सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह पाहून गेलेली गाडी वसंत ऋतू येईपर्यंत मनात घर करून राही.

अशा पेढ्यांची रचना ठराविक असे. तळमजल्यावर काचेमागे लखलखीत नव्या गाड्या. आणि वरच्या मजल्यांवर, लिफ्टने चढविलेल्या जुन्या, रुसलेल्या, अपघातात सापडलेल्या गाड्यांचा कारखाना. रस्त्यावरून जाणाऱ्याला खालचा मजला दिसे. पण पेढीची अब्रू खरोखर वरच्या मजल्यावर राखली जाई. विकलेली गाडी कधीच बिघडणार नाही, असे म्हणणारा दुकानदार लबाड समजावा. 'बिघडली तर परत घेऊन या,' असे म्हणणारा खरा.

फुलर गर्भश्रीमंतांच्या पंक्तीस जाऊन बसला; त्याने रेम्ब्रां आणि गेन्सबरो यांची चित्रे जमविली; आणि मग तो राजकारणात शिरला. १९१७ ते १९२१ अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, पुढे मॅसॅच्युसेट्स राज्याचा दुय्यम गव्हर्नर, आणि १९२५ पासून चार वर्षे गव्हर्नर. सार्वजनिक कामाचा पगार तो घेत नसे. दुकानदाराला दरबारात यापरता मान कोणता मिळावयाचा? पण येथेच त्याची कसोटी लागली.

१५ एप्रिल १९२० रोजी बोस्टनच्या दक्षिणेस साउथ ब्रेन्ट्री येथे एका जोड्यांच्या कारखान्याच्या पगाराची पंधरा हजारांहून अधिक डॉलरांची रक्कम लुटली गेली, आणि ती नेणारे दोघेजण गोळ्यांनी ठार झाले. लुटारू एका चोरीच्या ब्यूक मोटारीतून पळाले. पोलिसांचा संशय दुसऱ्याच एका मोटारीवर गेला. दुरुस्तीसाठी टाकलेली ती ओव्हरलँड गाडी नेण्यास ५ मे रोजी रात्री चार इटालियन आले. ती न मिळताच ते परतले, आणि त्यांपैकी दोघांना ट्राममध्ये पकडण्यात आले. एक निकोला साको, जोड्यांच्या कारखान्यातील कामगार; दुसरा बार्टोलोमेओ व्हान्झेटी, ढकलगाडीवर मासे विकणारा. दोघेही सरकार ही संस्थाच न मानणाऱ्या पंथाचे. १९२१ च्या जुलैत ज्यूरीने त्यांस दोषी ठरविले.

यानंतर सहा वर्षे जे चालले ते मला पेढीच्या भाषेत सांगितल्यावाचून राहवत नाही: गाडी नादुरुस्त आहे अशी ओरड होत होती, पण ती चढवावी असा वरचा मजलाच त्या राज्यात नव्हता. नव्या खटल्यासाठी अर्जामागून अर्ज झाले. ते ऐकावयास बसला तो मूळ खटला चालविणारा न्यायाधीश वेब्स्टर थेअरच. १९२५ साली दुसऱ्या एका कैद्याने आपण त्या लुटीत होतो असा कबुलीजबाब दिला. तोही तपासला थेअरनेच, आणि फेटाळला. वरिष्ठ न्यायालयाने कायद्याची चूक झाली की नाही एवढेच पाहिले. पुरावा पुन्हा तोलण्याचे काम आपले नव्हे, असे त्याचे मत पडले. अखेर उरला तो एकटा गव्हर्नर.

फुलरने आळस केला नाही, हे त्याच्या शत्रूंनाही कबूल करावे लागेल. १९२७ च्या उन्हाळ्यात त्याने साक्षीदारांस बोलावले, ज्यूरींना विचारले, तुरुंगात जाऊन व्हान्झेटीशी स्वतः बोलला. मोटारी विकणारा आणि मासे विकणारा समोरासमोर बसले! त्याने हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांच्यासह तिघांची सल्लागार समितीही नेमली. पण गव्हर्नरच्या या चौकश्या बंद दाराआड झाल्या. साक्षीदार काय बोलले ते आरोपींच्या वकिलांस ऐकता येईना, मग उलटतपासणी कोठली? ज्याने भोगले त्यालाच विचारा, ही आपल्या गाडीची जाहिरात फुलर अर्धीच पाळीत होता. त्याने विचारले पुष्कळांना; पण त्यांची उत्तरे पारखण्याची संधी गिऱ्हाइकास दिली नाही. ३ ऑगस्टला त्याने दयेचा अर्ज नाकारल्याचे जाहीर केले, आणि २३ ऑगस्ट १९२७ रोजी मध्यरात्र उलटताच दोघांना विजेच्या खुर्चीत मृत्यू देण्यात आला.

ते दोघे खरोखर दोषी होते की नव्हते, हा वाद आजही मिटलेला नाही, आणि तो मिटविण्याचा माझा अधिकार नाही. मला बोचते ते निराळेच. फुलर दुष्ट नव्हता. लाच खाणारा नव्हता. उलट स्वतः पाहावे, स्वतः ठरवावे आणि ठरविल्यावर डगमगू नये, हे यशस्वी दुकानदाराचे सगळे गुण त्याच्या अंगी होते. दुकानात हे गुण शोभतात, कारण तेथे निर्णय चुकला तर गाडी परत येते. राज्यकारभारात त्याने खालच्या मजल्यावरचा ठामपणा तेवढा बरोबर नेला. वरच्या मजल्यावरची शंका मात्र पेढीतच राहिली. जो निर्णय परत घेता येत नाही, तो घेणाऱ्यापाशी आपण चुकत असू या शक्यतेला जागा हवी. आणि त्याच्यापाशी ती नसली, तर कायद्याने ती बांधून द्यावयास हवी.

कायद्याने ती बांधली, पण बारा वर्षांनी. १९३९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा बदलला, आणि देहान्ताच्या खटल्यांत वरिष्ठ न्यायालयाने पुराव्यासह सगळेच प्रकरण पुन्हा तपासावे असे ठरले. १९७७ साली, त्या मृत्यूंना पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, गव्हर्नर डुकाकिस यांनी दोघांवरचा खटला न्याय्य झाला नव्हता असे जाहीर करून त्यांच्या नावांवरचा कलंक पुसला. फुलर तोवर राहिला नव्हता. तो १९५८ साली वारला. आणि योगायोग असा की, पॅकार्ड नावाची मोटार निघण्याचे बंद झाले तेही त्याच वर्षी.

कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवरील ती इमारत अजून उभी आहे. मोटारी तेथून केव्हाच गेल्या. आता तीत कुटुंबे राहतात. ज्या मजल्यांवर एके काळी बिघडलेल्या गाड्या खोलून पुन्हा जुळवीत, तेथे आज कोणाची चूल असेल, कोणाचे पुस्तकांचे कपाट. मला मात्र त्या मजल्यांचे मोल काचेमागच्या तळमजल्याहून अधिक वाटते. दुकान असो, दरबार असो, की आपले घर असो, चूक दुरुस्त होण्याची सोय जेथे आहे, तेथेच माणसाने निर्धास्तपणे विश्वास टाकावा.