हवा हाय का?

काही वाक्ये मराठी माणूस केवळ निरोप घेण्यासाठी वापरतो. 'या एकदा सवडीने', 'येणं-जाणं ठेवा', 'आता ओळख सोडायची नाही हं' ही त्यांतली ठळक. या वाक्यांचा अर्थ लावायचा नसतो, नुसती मान डोलवायची असते. एखाद्याने अर्थ लावला आणि रविवारी सकाळी तो खरोखरच दारात उभा राहिला, तर दोघांचे पोहे चार बशांत पसरण्याची वेळ येते. रेल्वेतला सहप्रवासी, इस्पितळात शेजारच्या खाटेवरचा रुग्ण आणि लग्नाच्या पंगतीत डावीकडे बसलेले गृहस्थ यांच्याशी आपण असे जन्मोजन्मीचे करार करतो आणि रिक्षात बसता बसता विसरतो. पण या यादीत पहिला नंबर लागावा तो सायकल-सहलीतल्या सोबत्यांचा.

कारण सायकलवर माणसे फार लवकर जवळ येतात. आमची सहल अलिबागहून रत्नागिरीपर्यंत, समुद्राच्या कडेकडेने, सहा दिवसांची. आम्ही तेरा जण, कोणी कोणाच्या ओळखीचे नाही. पहिल्या दिवशी सगळा कारभार 'आपण कुठले?' आणि 'आपली गिअरची का?' असा अदबीचा. आता कोकणचा किनारा नकाशावर कसा सरळ दिसतो. पण तो नकाशा काढणारा सायकलवर बसलेला नसावा. प्रत्यक्षात गाव खाडीच्या काठी, आणि दोन गावांच्या मध्ये डोंगर! आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड अशा चार खाड्या आम्ही सायकलींसकट फेरीबोटीने ओलांडल्या. बोटीत जरा वारा खाऊन होतो न होतो तोच पलीकडचा काठ यायचा, आणि काठाला लागूनच पुढचा चढ.

चढावर सायकल ढकलत चालणारी दोन माणसे एकमेकांशी खोटे बोलू शकत नाहीत. तेवढा दमच उरलेला नसतो. दुसऱ्या खाडीपर्यंत 'आपण'चे 'तुम्ही' झाले, तिसऱ्या खाडीपर्यंत सर्वांचे रक्तदाब सर्वांना कळले, आणि चौथ्या खाडीपलीकडे मला एका गृहस्थांच्या थोरल्या जावयाविषयी त्यांच्या पत्नीलाही ठाऊक नसलेले मत ठाऊक झाले होते.

मंडळीही एकेक नमुनेदार. बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजरकाका होते. रात्री सगळे अंगाला बाम चोळत पडलेले असताना हे गृहस्थ चहा-भज्यांचा हिशेब रुपयापर्यंत जुळवल्याशिवाय झोपायचे नाहीत. दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. आम्हांला गोड खाऊ द्यायच्या नाहीत, स्वतः मात्र आंबावडी 'नमुना तपासते' म्हणून खायच्या. आणि कोल्हापूरचे एक गुळाचे व्यापारी होते. आम्ही त्यांना गूळवाले म्हणत असू. हा माणूस बोलायला मोजका आणि पाठीला रुंद. ही पाठ फार उपयोगाची. सायकलवर सपाटीला अंगातली बरीचशी ताकद समोरचा वारा कापण्यातच खर्च होते. कोणी पुढे राहून वारा अंगावर घेतला, की त्याच्या मागे चिकटून जाणाऱ्याला निम्म्या कष्टात पुढे गेल्यासारखे वाटते. गूळवाले न सांगता पुढे होत आणि सत्तरीला टेकलेले मॅनेजरकाका सहाही दिवस त्यांच्या पाठीमागे, धर्मशाळेच्या ओसरीवर बसावे तसे निवांत पॅडल मारत येत.

रत्नागिरीला निरोपाच्या वेळी दोघा-तिघांचे डोळे खरोखरच भरून आले. 'दर वर्षी भेटायचंच', 'महिन्यातून एक राइड तरी', असे ठराव झाले. व्हॉट्सॲपवर गट निघाला. त्याचे नाव 'चाकांची चांडाळचौकडी'. चौकडीत तेरा जण कसे, हे विचारण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

इतिहास वाचलेल्या माणसाने खरे तर तिथेच सावध व्हायचे. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. १९२८ साली ते परत आले तेव्हा त्यांत आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा असे तिघेच उरले होते. रोज बरोबर सायकल चालवणाऱ्यांत जर निम्मी गळती, तर घरी सोफ्यावर बसून संपर्क ठेवणाऱ्यांचे काय होणार?

व्हायचे तेच झाले. पहिल्या आठवड्यात चारशे फोटो आले. तिसऱ्या आठवड्यात हळदीचे गुणधर्म आले. दुसऱ्या महिन्यात कोणाच्या तरी मेहुण्याचा विकाऊ फ्लॅट आला, आणि त्यावर भाव विचारणारे दोघे सोडल्यास सगळे गप्प झाले. रोज न चुकता यायचा तो फक्त मॅनेजरकाकांचा 'सुप्रभात'. पहाटे पाच वाजता, गुलाबाच्या फुलासह. आमच्या सौभाग्यवती त्या 'टुंग्' आवाजाने जाग्या होत आणि काकांच्या वतीने जे काही ऐकायचे ते मला ऐकावे लागे.

मग संमेलन ठरले. पुण्यातल्या एका हॉटेलात, संध्याकाळी सात वाजता, नऊ जण जमले. हेल्मेट नसल्यामुळे पहिली दहा मिनिटे कोणी कोणाला ओळखेना. डॉक्टरीणबाई पैठणी नेसून आल्या होत्या. मी त्यांना शेजारच्या टेबलावरच्या बारशाकडे पाठवणार होतो. पण खरी अडचण पुढेच होती. सगळे समोरासमोर बसले आणि बोलणेच सुचेना. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की सहा दिवस आम्ही एकमेकांच्या मागे होतो. या मंडळींच्या पाठी मला तोंडपाठ होत्या. तोंडे मात्र नवीन होती. सायकलवर शेजारी किंवा मागे राहून माणूस जे बोलतो ते टेबलापलीकडच्या डोळ्यांकडे पाहून कसे बोलणार? 'मग, काय म्हणता?' 'चाललंय.' 'सायकल?' 'गॅलरीत आहे.' असा संवाद सूप येईपर्यंत पुरला. एकच आनंदाचा क्षण म्हणजे बिल. ते मॅनेजरकाकांनी रुपयापर्यंत नऊ ठिकाणी वाटले. त्यानंतर संमेलनाचे नाव कोणी काढले नाही.

पुढच्या पावसाळ्यात काकांच्या पत्नी गेल्या. गटावर बातमी आली आणि दहा मिनिटांत अकरा जोडलेले हात उमटले. एकाचा सवयीने अंगठा गेला, तो त्याने घाईघाईने पुसला. त्यापलीकडे काय लिहावे हे कोणाला कळेना. दोघे-चौघे भेटून आलो. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसलो आणि 'काही लागलं तर सांगा' म्हणून उठलो. तेही निरोपाच्या वाक्यांपैकीच एक. काही लागले तरी सांगणारा माणूस सांगत नाही.

आणि पहाटेचा 'टुंग्' बंद झाला. महिना गेला, दीड महिना गेला. एके दिवशी सौभाग्यवतीच म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या काकांचं गुलाब येत नाही हल्ली. बरे आहेत ना?"

त्याच आठवड्यात रात्री गूळवाल्यांचा फोन. "काकांचा पत्ता द्या. आनि रविवारी तुमीबी या." बस्स, एवढेच. रविवारी पहाटे साडेपाचला काकांच्या सोसायटीच्या फाटकापाशी एक जीप उभी होती. टपावर सायकल, मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेली गुळाची ढेप, आणि पुढे कोल्हापूरहून रात्रभर गाडी चालवत आलेले गूळवाले. त्यांनी खालूनच फोन लावला. नमस्कार नाही, सांत्वन नाही.

"काका, टायरीत हवा हाय का?"

वरून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. गूळवाले म्हणाले, "बसली आसंल तर बसू द्या. पंप आनलाय."

काका अर्ध्या तासाने खाली आले. हेल्मेट उलटे घातले होते. ते गूळवाल्यांनी सरळ केले आणि आम्ही तिघे खडकवासल्याच्या रस्त्याला लागलो. पुढे ती रुंद पाठ, मागे काका, त्यांच्या मागे मी. दोन-तीन मैलांनंतर काका बोलू लागले, त्या पाठीशी. वाऱ्यामुळे मला निम्मेच ऐकू येत होते आणि मीही अंतर कमी केले नाही. गूळवाल्यांनी एकदाही मागे वळून पाहिले नाही, फक्त काकांचा आवाज कापरा झाला की वेग थोडा कमी करायचे. धरणावर चहा झाला. तीन चहा, दोन भजी. काकांनी खिशातून कागद काढून हिशेब मांडला, आणि मला बरे वाटले.

इंग्लंडात १८७८ साली हॅरोगेटला सायकलवरून भटकणाऱ्यांचा एक क्लब निघाला. या क्लबाचे गावोगाव 'कॉन्सल' असत. आल्यागेल्या सभासदाला रस्ते कसे आहेत, उतरायचे कुठे, ते सांगण्याचे काम त्यांच्याकडे. आमच्या चौकडीत पदाधिकारी कोणीच नव्हते. पण कॉन्सल होता, हे मला त्या दिवशी कळले.

सायकलच्या ट्यूबचा एक गुण आहे. पंक्चर नसले, खिळा लागला नाही, कोणी काही केले नाही, तरी नुसती उभी ठेवली की रबरातून हवा हळूहळू निघून जातेच. त्यात कोणाचा दोष नसतो. मधूनमधून भरावी लागते, इतकेच.

हल्ली महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री गटावर गूळवाल्यांचा एका शब्दाचा निरोप येतो : 'हवा?' तेरांपैकी पाच-सहा जण 'आहे' म्हणून कळवतात; उरलेल्यांना कोणी बोल लावत नाही. पहाटे पाचचे गुलाबही पुन्हा सुरू झाले आहे. सौभाग्यवती 'टुंग्' झाले की कूस बदलतात आणि झोपेतच 'आले वाटतं' म्हणतात. तक्रार आता एकाच व्यक्तीची आहे. ती ढेप काकांनी कर्तव्य म्हणून सगळ्यांना वजन करून वाटली, आणि डॉक्टरीणबाईंच्या मते त्यांच्या वाट्याचा नमुना तपासणीला फारच अपुरा पडला.