गणेशपट्टी

उंबरठ्याचे आपण किती लाड करतो! त्यावर हळदकुंकू, पुढे रांगोळी, नव्या सुनेने ओलांडायचे माप. चौकटीचे वरचे आडवे लाकूड मात्र सणासुदीला, तोरणापुरतेच आठवते. वाड्यांच्या बांधणीत त्याला गणेशपट्टी म्हणतात, कारण त्याच्या मधोमध गणपती कोरलेला असतो. देवळात हीच पट्टी उत्तरांग होते आणि मध्यावरची मूर्ती ललाटबिंब. दाराचे कपाळच ते. गवंडी तिला लिंटल म्हणतो. या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या सीमा आणि उंबरठा या अर्थांच्या शब्दांत आहे. म्हणजे तिकडे पायाखालचे नाव डोक्यावर चढले. आपल्याकडे शिल्पशास्त्रातला उदुंबर खालीच राहिला आणि त्याचा उंबरा, उंबरठा झाला.

त्या मधोमधच्या मूर्तीपाशी माझी नजर दर वेळी थांबते. वर भिंतीचे वजन आले की पट्टी मध्यावरच सर्वांत जास्त वाकू पाहते. तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. दगड दाब कितीही सोसेल, ताण मात्र फारसा सोसत नाही. तडा जातो तो खालून. म्हणूनच दगडी देवळांची दारे अरुंद, आणि म्हणूनच काँक्रीटच्या लिंटलमध्ये मुख्य सळया तळाशी. कारागिराने हा हिशेब मांडून मूर्ती कोरली असे मी म्हणणार नाही, त्याने दाराचा मध्य साधला असेल. पण भार जिथे सर्वांत अवघड, नेमका तिथेच देव बसला, याचे मला अपार अप्रूप वाटते. अंबरनाथच्या शिवमंदिरात तर उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईने शक 982चा, म्हणजे इ.स. 1060चा, शिलालेखही सांभाळला.

भार पेलण्यापलीकडे या पट्टीला आणखी एक काम असते. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती फुटून बाहेर कलल्या आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. भिंतींना एकमेकींशी बांधणारे काहीच नव्हते. दारा-खिडक्यांच्या माथ्याच्या उंचीवर साऱ्या भिंतींतून सलग फिरणारी काँक्रीटची पट्टी हे बांधण्याचे काम करते. ती नुसती दारापुरती तोडून चालत नाही. गावाकडे घर बांधायला काढले असेल, तर गवंड्याला एवढे आवर्जून सांगा: लिंटलची पट्टी चारही भिंतींवरून अखंड फिरव, आणि कोपऱ्यात सळया तुटू देऊ नकोस.