मूळ आवाज

द्वितीय वर्ष कला

आमच्या भटवाडीतल्या खोलीत पलंगाखाली एक काळी पेटी होती. पेटी म्हटले की कुणाला बाजाची पेटी आठवेल. पण ही गिटारच्या अँप्लिफायरची होती. स्पीकर वेगळा, हिच्या पोटात नुसते यंत्र. माझ्या जन्मापूर्वी ऑर्केस्ट्रातल्या एका गिटारवाल्याने, दुरुस्तीचे पैसे जमले नाहीत म्हणून ती बाबांकडे ठेवली, ती ठेवलीच. बाबांचा धंदा मांडववाल्यांची आणि ऑर्केस्ट्रावाल्यांची मशीने दुरुस्त करण्याचा. त्यांच्या वहीत हिची नोंद ‘मार्शल १९८७’ अशी होती, त्यामुळे ती १९८७ साली झाली असे मी कितीतरी वर्षे धरून चालले होते.

व्हॉल्व्हच्या यंत्रात चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. म्हणून बाबांनी मला पहिला धडा दिला तो एक हात पाठीमागे ठेवण्याचा. दुसऱ्या हाताने मी बॅटरी धरायची आणि ते काम करायचे.

गेल्या वर्षी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करायची ठरली. भाड्याच्या खोलीत पेटीला जागा नव्हती. जुन्या अँप्लिफायरचे शौकीन असलेले अंधेरीचे एक गृहस्थ फोनवर किंमत ठरवून पाहायला आले. त्यांनी मागची फळी काढली, आत डोकावले आणि म्हणाले, “हे ओरिजिनल नाही. ईएल३४ काढून कुणीतरी ६एल६ घातलेत. कुणी बिघडवलं हे?”

दारात उभे असलेले बाबा म्हणाले, “मी.”

गृहस्थ ओशाळले, पण किंमत निम्म्यावर आली. बाबा तेवढ्यालाही तयार होते. मीच मध्ये पडून आठ दिवसांची मुदत मागितली. पैसे हवे होते हे खरेच, पण मला बोचला तो ‘बिघडवलं’ हा शब्द.

बाबांना विचारले तर ते एवढेच म्हणाले, “त्याचा रात्री कार्यक्रम होता. लॅमिंग्टन रोडला ईएल३४ मिळाला नाही. ६एल६ मांडवाच्या मशिनात असायचेच. ते लावले, बायस पुन्हा बसवला.”

ते आठ दिवस मी अभ्यासाची पुस्तके बाजूला ठेवून या पेटीचे कुळ शोधले. जिम मार्शल हे मूळचे ड्रमवादक आणि ड्रमचे शिक्षक. १९६० साली त्यांनी लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान काढले. गिटारवाल्यांना हवे असलेले अमेरिकन अँप्लिफायर तिथे फार महाग पडत. तेव्हा १९६२ साली दुकानातले केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर कंपनीचा ‘बासमन’ समोर ठेवून, इंग्लंडात मिळतील ते भाग घालून एक यंत्र जुळवले. जिम आणि त्यांचा मुलगा टेरी यांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव जेटीएम४५. क्रेव्हन तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. हे मी बाबांना सांगितले, तर म्हणाले, “मी सोळाव्या वर्षी सोल्डरिंगला बसलो.”

म्हणजे ज्याला सारे जग मूळ म्हणते, तीच मुळात एक नक्कल! आणि ती तरी एका जागी कुठे थांबली? सुरुवातीच्या यंत्रांत ५८८१ हे व्हॉल्व्ह होते, मग केटी६६ आले, १९६६–६७च्या सुमारास ईएल३४ आले. वीज सरळ करणारा व्हॉल्व्ह जाऊन डायोड आले. १९६९ साली पुढची प्लेक्सिग्लासची पट्टी जाऊन धातूची आली. १९७३च्या सुमारास हाताने जोडलेल्या तारांच्या जागी छापील सर्किट आले. १९७५ साली मास्टर व्हॉल्यूम आला आणि १९८१ साली जेसीएम८००. माझ्या १९८७चा उलगडाही इथेच झाला. तो सन नव्हे, यादीतला क्रमांक होता; पन्नास वॉटचे यंत्र १९८७, शंभर वॉटचे १९५९. आमच्या पेटीची पट्टी धातूची आणि आतली जोडणी हाताची, म्हणजे तिचा जन्म या दोन बदलांच्या मधला.

पुढच्या रविवारी पेटी रिक्षात घालून आम्ही बापलेक अंधेरीला गेलो. त्या गृहस्थांच्या तालमीच्या खोलीत एक जेसीएम८०० होता आणि एक जेटीएम४५. हा जुना नव्हे, कंपनीनेच नंतर पुन्हा काढलेला. मी म्हटले, “काका, तिन्ही एकाच स्पीकरवर, एकाच गिटारने वाजवून दाखवाल का?” ते आनंदाने तयार झाले.

आधी जेटीएम४५. आवाज गोल आणि भरदार. जोरात आघात केला की तो क्षणभर खचायचा आणि श्वास घेऊन पुन्हा वर यायचा. वीज सरळ करणारा व्हॉल्व्ह मोठ्या मागणीला जरा दमतो, त्याचा हा परिणाम, असे बाबांनी सांगितले. जेसीएम८००ची तऱ्हा निराळी. जुन्या यंत्राला खर आणायची तर त्याला छाती फुटेस्तोवर ओरडायला लावावे लागते. इथे पुढचेच टप्पे एकमेकांवर चढवलेले, त्यामुळे हळू वाजवतानाही आवाज गळ्यातच खरखरीत होतो. मला कॉलेजातला तंबोरा आठवला. घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की त्याच तारेतून कितीतरी स्वर झणझणू लागतात. त्याला आपण जवारी म्हणतो, दोष म्हणत नाही. व्हॉल्व्हच्या फाटण्यातही असेच वरचे स्वर जागे होतात. फरक इतकाच, की या दोन यंत्रांची जवारी वेगवेगळ्या ठिकाणी लावलेली होती.

तेवढ्यात बाबा बॅटरी घेऊन जेटीएम४५च्या मागे वाकले. व्हॉल्व्हवरचा आकडा त्यांनी मोठ्याने वाचला, “५८८१.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “हा ६एल६चाच भाऊ. अंगानं जरा मजबूत, एवढंच.”

मी वाचलेले सगळे एका दमात सांगून टाकले. बासमनमध्ये याच घराण्यातले व्हॉल्व्ह, पहिल्या मार्शलमध्येही तेच. बाबांनी नाइलाजाने जे केले, त्याने पेटी तिच्या आजोबांकडे गेली होती.

गृहस्थांनी मग आमची पेटी लावली. खालच्या तारांना वजन होते, आवाज पुष्कळ वेळ स्वच्छ राहिला, फाटला तो उशिरा. ईएल३४चा मधला कणखरपणा मात्र नव्हता. ते म्हणाले, “पाटील... माफ करा, मास्तर, बिघडवलं म्हणालो ते चुकलं माझं. पण १९८७चा आवाज हा नव्हे.”

बाबा म्हणाले, “नाहीच. पण त्या रात्री कार्यक्रम झाला.”

दोघेही खरे बोलत होते. ठरलेली पूर्ण किंमत आली नाही, निम्मीही राहिली नाही. ते पुन्हा ईएल३४ घालणार होते. बाबांनी त्यांना बजावले, “घाला. पण बायस आधी पुन्हा बसवा.” मीही एक अट घातली. आत पत्र्यावर बाबांनी ‘६एल६ लावले’ असे पेन्सिलने लिहिले आहे, तेवढे पुसू नका. त्यांनी मान हलवली.

घरी आल्यावर बाबांनी जुनी वही काढली. ‘मार्शल १९८७’ या नोंदीपुढे ‘दिले’ असे लिहिले. जरा थांबून त्याखाली बारीक अक्षरात आणखी लिहिले : ‘६एल६सह, चालू स्थितीत.’