हळदीचं नाक

2021 मध्ये कोरोना झाला आणि आईचा वास गेला. तो नीट परत आलाच नाही.

आमच्या साताऱ्यात समुद्राचा मासा कोकणातून घाट चढून येतो. आई बाजारात बांगड्याचे कल्ले उघडून लाल आहेत का बघायची, बोटानं दाबायची आणि मग नाकाजवळ न्यायची. शेवटचा निकाल नाकाचा. ते बंद पडल्यावर तिनं मासे आणणंच सोडलं. "उगाच कुणाला बाधलं तर?"

मी पुण्यात कोड लिहितो. सेन्सर म्हटलं की मला चिप, बॅटरी आणि ॲप दिसतं. मासा खराब झाल्यावर रंग बदलणाऱ्या पॅकिंगबद्दल वाचलं, त्यात यातलं काहीच नव्हतं. मासा नासताना जिवाणूंमुळे अमोनिया, ट्रायमिथाइलअमाइन असे अल्कधर्मी वायू सुटतात. स्टार्चची किंवा कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानची पातळ फिल्म करायची, म्हणजे ती नंतर कुजून जाते. तिच्यात या वायूंनी रंग बदलणारं एखादं वनस्पतीतलं द्रव्य मिसळायचं. त्यातलं एक म्हणजे कर्क्युमिन. आपली हळद!

माझं आजोळ सांगलीचं. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली तिथली हळद आमच्या घरात कायम. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे लहानपणी आईनंच दाखवलं होतं. हळदीला चुना लागून कुंकू होतं, त्यातलाच हा प्रकार.

सुट्टीत घरीच करून बघितलं. हळदीच्या पाण्यात भिजवलेला टिपकागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला, खाली बांगड्याचे तुकडे ठेवले आणि डबा फ्रिजबाहेर ठेवला. संध्याकाळी झाकण उघडलं तर मला वास आला, कागद मात्र पिवळाच. दुसऱ्या दिवशी तो विटकरी झाला. तोवर शेजाऱ्यांनाही कळलं होतं.

माझं तोंड पडलं. हळदीचा रंग पालटायला अल्कधर्मीपणा बराच लागतो. म्हणून संशोधक लाल कोबीसारख्या भाज्यांतली जांभळी रंगद्रव्यंही वापरून बघतात, ती लवकर रंग बदलतात. उशिरा बोलणारा सेन्सर पोटाच्या काय कामाचा?

आई मात्र कागद हातात घेऊन बसली होती.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं मला कळलं, खराब झालंय ते," ती म्हणाली. "आता ह्याला एक दिवस आधी बोलायला शिकव."