उनागीची पेटी आणि आपली नागपंचमी

मैत्रिणींनो, ‘वाम’ म्हटलं की आमच्या बीडकडं पुष्कळ जणी नाक मुरडतात. मासा गोदावरीतला, चवदार. पण दिसतो अगदी सापासारखा! आमच्या घरी मासे चालतात, पण वाम आईनं कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. “ज्याला दूध-लाह्या वाहायच्या, त्याच्या रूपाचं कालवण कसं करायचं?” असं ती म्हणे.

आणि २०२५ च्या जुलैत मी बसले होते कुठं, तर टोकियोतल्या उनागीच्या खानावळीत! उनागी म्हणजे जपानी वामच म्हणा ना. जात वेगळी, रूप तेच. धाकटी बहीण तिथं निशि-कसाई भागात राहते. तिच्या बाळंतपणात शेजारच्या जपानी आजींनी अगदी आईसारखं केलं होतं. मी आल्याचं कळताच त्यांनी आम्हांला जेवायला नेलं. नाही म्हणावं तर आजी दुखावणार, हो म्हणावं तर पोटात गोळा!

जोडे काढून चटईवर बसलो. अर्धा तास झाला तरी जेवण येईना. “ताई, सांगितल्यावरच भाजायला घेतात इथं,” बहीण म्हणाली. टोकियोकडं मासा पाठीकडून चिरतात, काड्या टोचून निखाऱ्यावर भाजतात, मग वाफवतात आणि सोया-साखरेच्या दाट रसात बुडवून पुन्हा भाजतात. ओसाकाकडं पोटाकडून चिरतात नि वाफवत नाहीत. नुसतं भाजणं शिकायला जन्म जातो म्हणे. आपली पुरणपोळी नाही का!

शेवटी लाखेच्या पेटीतून गरम भात आला, वर तपकिरी तुकडे. ना डोकं, ना शेपूट. आजींनी हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हटलं. आपण जेवणाआधी श्लोक म्हणतो ना, तसंच. वर सान्शोची पूड भुरभुरायची. ही कोकणातल्या तिरफळाच्या कुळातली, जीभ झिणझिणते. पहिला घास मी डोळे मिटून घेतला. लोण्यासारखा मऊ, गोडसर-खारट, किंचित धुरकट. दुसऱ्या घासाला डोळे उघडे होते, बरं का!

भर उन्हाळ्यात ‘बैलाच्या दिवशी’ ताकदीसाठी उनागी खायची तिथं रीत आहे. २०२५ साली तो दिवस १९ जुलैला आणि पुन्हा ३१ जुलैला आला. अन् आपली नागपंचमी बरोबर मधे, २९ ला! पण हा मासा आता कमी होत चालला आहे. २०१४ साली जगाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव गेलं. म्हणून आजी वर्षातून एकदाच खातात, आणि ते एकदा त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

नागपंचमीला मी बीडला परतले होते. नेहमीसारखी विळी हातात घेतली नाही, तवा ठेवला नाही, दिंडं उकडली. पूजा झाल्यावर आईला भीतभीतच सारं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “त्या माउलीनं माझ्या लेकीचं बाळंतपण काढलं. तिच्या पानावर बसून तू नाक मुरडलं असतंस, तर मात्र मी रागावले असते.”