मी आता पासच्या बाजूने
युरोपला निघालेल्या कुणीही विचारलं की रेल्वेचा पास घेऊ की तिकिटं काढू, तर माझं उत्तर ठरलेलं असे. तिकिटं काढा, आणि जितकी आधी काढता येतील तितकी आधी काढा. त्यामागे हिशेब होता आणि तो आजही बरोबरच आहे. जर्मनीचं ‘स्पारप्राइस’ किंवा ऑस्ट्रियाचं ‘स्पारशीने’ तिकीट काही महिने आधी घेतलं, तर आयत्या वेळच्या भाड्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळू शकतं. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोस्सा, स्पेनची आवे, सगळीकडे तीच तऱ्हा. गाडी भरत जाते तसं भाडं चढत जातं. आरक्षण उघडतं त्या दिवशी सकाळी आठला बोटं सरसावून बसणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायलाही लागत नाही.

तरीही आज मी हे उत्तर सरसकट देत नाही. घरातल्या ज्येष्ठांना घेऊन निघालेल्यांना, आणि स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी असा बेत असलेल्यांना मी पास घ्या म्हणून सांगतो.

मत बदललं ते आई-बाबांबरोबर फिरताना. इंटरलाकेनला मुक्काम होता आणि युंगफ्राउयोखला जायचं होतं. ३,४५४ मीटरवरचं ते स्टेशन. वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र सकाळी मोबाइलवर पाहिलं तर सगळं पांढरं, ढगांशिवाय काही नाही. वरचं तिकीट सुदैवाने काढलेलं नव्हतं आणि खिशात स्विस ट्रॅव्हल पास होता. आम्ही निवांत चहा घेतला आणि ब्रिएन्झ तलावातली बोट पकडली. पासवर रेल्वे चालते तशी बोटही चालते आणि बसही. पाणी हिरवट निळं, काठावर लाकडी घरं. इझेल्टवाल्डचा धक्का जवळ आला तशी आई कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “इथे उतरू या का रे?”

उतरलो. तिने गावातून सावकाश एक फेरी मारली, गुडघा दुखायला लागला तेव्हा बाकावर बसली, पुन्हा चालली. मग आलेल्या बसने परत. कुणाला काही विचारावं लागलं नाही, नवं तिकीट काढावं लागलं नाही. त्या दुपारी लुत्सर्नच्या एका ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट माझ्या हातात असतं, तर मी घड्याळ बघून “नको गं, उशीर होईल” असंच म्हटलं असतं. स्वस्त तिकीट आपल्याला एका गाडीला बांधतं. सत्तरीच्या माणसाला असं बांधून घालून मी वाचवणार काय, तर काही फ्रँक.

स्वित्झर्लंडमध्ये हे इतकं सहज जमतं याला कारण आहे. तिथे १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सुटतात, बहुतेक मार्गांवर तासाला किंवा अर्ध्या तासाला. एक चुकली तर पुढची आहेच. मुंबईत लोकलचा पास काढला की येईल ती लोकल आपली, अगदी तसंच.

जर्मनीत कारण वेगळं आहे, ते म्हणजे उशीर. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर धावल्या. पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर स्वस्त तिकिटावरची गाडीची अट सुटते, हे खरं. पण पुढचा टप्पा दुसऱ्या कंपनीचा आणि वेगळा काढलेला असेल, तर ते संरक्षण तिथे पोचत नाही. बॅगा, आई, बाबा आणि बदललेला फलाट, एवढं सांभाळत असताना नियम वाचायला मला सवड नको असते. युरेलसारखा अनेक देशांत चालणारा पास असला की पुढची वेगवान ‘आयसीई’ गाडी यायची वाट बघायची आणि बसायचं. बाबांना मात्र सीट नंबराशिवाय चैन पडत नाही. “आपला डबा कुठला?” हे ते फलाटावर तीनदा विचारतात. जर्मनीत पासधारकाला आरक्षण सक्तीचं नाही, पण काही युरो देऊन जागा राखता येते. ज्येष्ठांसाठी ती जरूर राखावी.

फ्रान्स, इटली, स्पेनपुरतं माझं जुनं मत कायम आहे. तिथल्या वेगवान गाड्यांना पास असूनही वेगळं आरक्षण घ्यावंच लागतं. लंडन-पॅरिस युरोस्टारमध्ये तर पासधारकांसाठीच्या जागाच मोजक्या असतात. इटलीतल्या इटालो गाड्यांत आणि ‘विगो’ नावाच्या स्वस्त टीजीव्हीत पास चालतच नाही. मग मोकळीक उरली कुठे? आणि फ्लोरेन्सहून पिसासारख्या छोट्या पल्ल्याला पासवरच्या मोजक्या प्रवास-दिवसांपैकी अख्खा एक दिवस खर्ची घालू नये. तिथल्या साध्या गाडीचं भाडं आदल्या दिवशीही तेवढंच असतं.

उलट मुलं बरोबर असतील तर पासचं पारडं आणखी जड होतं. युरेलमध्ये एका मोठ्या माणसाबरोबर ४ ते ११ वयाची दोन मुलं फुकट जातात.

राहिला व्हिसा. शेंगेनचा निकाल कधी लागेल ते आपल्या हातात नसतं आणि सर्वांत स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. सुरू न केलेला युरेल पास, विशेष सवलतीत घेतलेला नसेल तर, थोडे पैसे कापून परत करता येतो. म्हणून कळकळीने सांगतो, पासपोर्टवर शिक्का पडेपर्यंत रद्द न होणारं एकही तिकीट काढू नका, मग ते कितीही स्वस्त दिसो.