आयलँडिया वाचलंत का?

भेटेल त्याला सध्या मी हाच प्रश्न विचारते आहे. समोरच्याने ‘नाही’ म्हटलं की मला आनंदच होतो, कारण मग सगळं पहिल्यापासून सांगता येतं!

आयलँडिया हा देश आहे. त्याला राजा आहे, सरदार घराणी आहेत, त्या घराण्यांच्या वंशावळी आहेत, शतकानुशतकांचा इतिहास आहे, स्वतःची भाषा आहे, बोधकथा लिहिणारा बॉडविन नावाचा जुना लेखकसुद्धा आहे. नाव बेटासारखं असलं तरी हा देश आहे कॅरेन नावाच्या दक्षिण गोलार्धातल्या खंडाच्या खालच्या टोकाला. उत्तरेला उंच पर्वतरांग, बाकी समुद्र. म्हणजे बेटच म्हणा ना, इतका तो जगापासून तुटलेला. आणि यातलं काहीही खरं नाही. खंड, पर्वत, राजा, बॉडविन, सगळं ऑस्टिन टॅपन राइट नावाच्या एकट्या माणसाने मनात उभं केलं.

हा राइट कोण? कायद्याचा प्राध्यापक! जन्म 1883 चा, अमेरिकेतला. वडील ग्रीकचे प्राध्यापक, आई कादंबऱ्या लिहिणारी. बॉस्टनमध्ये वकिली केली, मग आधी बर्कलीला आणि पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवलं. दिवसभर कायदा, आणि उरलेल्या वेळात लहानपणी सुरू केलेला हा देश. धाकटा भाऊ पुढे नामवंत भूगोलतज्ज्ञ झाला, त्यानेही लहानपणी आपला वेगळा देश काढला होता. काय घर असेल ते! पण ऑस्टिनने आपला देश कधी सोडलाच नाही. वर्षानुवर्षं तो त्यात भर घालत राहिला. 1931 मध्ये न्यू मेक्सिकोत मोटार अपघातात तो गेला, तेव्हा आयलँडियाबद्दलचा एक शब्दही छापलेला नव्हता. मागे राहिलं ते कागदांचं बाड. त्याच्या बायकोने, मार्गोटने, ते प्रचंड हस्तलिखित टंकलिखित केलं. तीही गेल्यावर मुलगी सिल्व्हियाने मार्क सॅक्स्टन या संपादकाच्या मदतीने ते कापून-छाटून आटोक्यात आणलं आणि 1942 मध्ये ‘आयलँडिया’ ही कादंबरी निघाली. छाटूनही हजारावर पानं भरली. देशाचा इतिहास आणि वर्णन राइटने वेगळं लिहून ठेवलं होतं, तेही पेरिए नावाचा एक फ्रेंच माणूस रचून, त्याच्या नावाने. हे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात जपून ठेवले आहेत.

आता गोष्ट. जॉन लँग हा हार्वर्डमधून नुकताच बाहेर पडलेला तरुण. तिथे त्याची डॉर्न नावाच्या आयलँडियन मुलाशी गट्टी जमते, त्याच्याकडून तो भाषा शिकतो आणि त्या जोरावर 1907 मध्ये अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून त्या देशात जातो. त्याचं काम सरळ आहे, तिथली बाजारपेठ अमेरिकन व्यापाऱ्यांसाठी उघडायची. पण त्या देशात एक कायदा आहे. एका वेळी देशात शंभराच्या आसपासच परदेशी राहू शकतात, जास्त नाही. रेल्वे नाही, हवीही नाही. प्रवास घोड्यावरून नाहीतर शिडाच्या होडीतून. लँग अमेरिकन यंत्रं आणि माल भरलेलं एक जहाज बंदरोबंदर फिरवतो, लोक येतात, कौतुकाने बघतात आणि आपापल्या शेतावर परत जातात. त्यांना यंत्र कळत नाही असं मुळीच नाही. त्याने आपलं रोजचं जगणं कसं बदलेल एवढाच प्रश्न ते विचारतात, आणि तो प्रश्न लँगला शेवटपर्यंत सोडत नाही.

मी सगळ्यात जास्त गुंतले ती तिथल्या घरांत. प्रत्येक कुटुंब पिढ्यान् पिढ्या एकाच जमिनीवर. शहरात राहणाऱ्यालाही गावाकडे हक्काची जागा. गणपतीला न चुकता कोकणातलं घर गाठणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि मित्रासाठी तर एक विलक्षण चाल आहे, टॅनरिडून तिचं नाव. घरातली एक खोली मित्राच्या नावे करून द्यायची. तो वर्षांनी येवो, न कळवता येवो, संकटात येवो, ती खोली त्याचीच. त्याने आभार मानायचे नाहीत, यांनी उपकार मोजायचे नाहीत. परक्या देशात बावरलेल्या लँगला डॉर्नच्या घरचे असा हक्क देतात ती पानं मी परत परत वाचली. पाहुणचार आपणही करतो, पण ‘ही खोली आता तुझी’ हे किती घरांत म्हटलं जातं?

राजकारणही असं रंगवलंय की धाप लागते. तिथल्या सरदारांपैकी लॉर्ड मोराला परक्यांशी करार हवा आहे, लँगच्या मित्राच्याच घराण्यातल्या म्हाताऱ्या लॉर्ड डॉर्नला दारं बंदच ठेवायची आहेत, आणि उत्तरेकडच्या मुलखावर जर्मनीचा डोळा आहे. राइटने मोराला खलनायक केलेला नाही, हे मला फार मोठं वाटतं. दोघांचंही देशावर प्रेम आहे, दोघांची बाजू ऐकताना ती आपल्याला पटते. अखेर देश नाही म्हणतो, व्यापाराला, सवलतींना, गर्दीला. तोफांच्या धाकाने जपानपासून चीनपर्यंत बंदरं उघडून घेणाऱ्या जगात एका लहान देशाने विचारपूर्वक दिलेला हा नकार एका अमेरिकन वकिलाने इतक्या मनापासून लिहावा, याने मी थक्क झाले.

दोष आहेत. लँगची प्रेमप्रकरणं लांबतात, आणि गोऱ्या माणसाच्या नजरेतून आलेलं उत्तरेकडच्या काळ्या टोळ्यांचं चित्रण आज खटकतं, खटकायलाच हवं. तरीही टॉल्किनच्या मध्यभूमीची पारायणं करणाऱ्यांना हे नाव ठाऊक नसावं, हे बरोबर नाही. इथे जादू नाही, राक्षस नाहीत. शेती, शिडं, घरं, सभा आणि माणसं एवढ्यावर राइटने देश तोलून धरला आहे.

तेव्हा वाचा. ग्रंथालयात मागा, जुन्या बाजारात शोधा, इंग्रजी अवघड वाटली तर सावकाश वाचा. प्रत घेताना आत नकाशे आहेत ना तेवढं बघून घ्या. ते हाताशी नसले तर पहिल्या शंभर पानांतच वाट चुकायला होतं.